लॅपविंगचं बंद दार

शनिवारी सकाळी गॉर्डन हेलिवेल जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून बुटांच्या नाड्या बांधायचा, तेव्हा त्याचा मुलगा डंकन कोट-टोपी घालून दाराशी कधीचा उभा असायचा.

"सॉसेज," डंकन म्हणायचा.

"आधी चालायचं. चालल्याशिवाय कुणी देतं का सॉसेज?"

"चालायचं. मग सॉसेज."

"आत्ता कसं बोललास!"

डंकनने चाळिशी ओलांडली होती. बापापेक्षा वीतभर उंच, अंगाने दीडपट, आणि तोंडात मोजके शब्द. लहानपणीच डॉक्टरांनी तो स्वमग्न असल्याचं सांगितलं, शाळेने हात वर केले, आणि आयरीनने, त्याच्या आईने, "आपला डंकन आपल्या तऱ्हेचा आहे," एवढं म्हणून विषय मिटवला. शनिवारचं हे चालणं तिनेच सुरू केलेलं. ती गेली आणि घरातल्या कितीतरी गोष्टी तिच्यामागे गेल्या, पण शनिवार राहिला. गॉर्डनने तो राहू दिला, कारण बाकीचे सहा दिवस त्याच एका खुंटीला लटकलेले होते. सोमवारी डंकन चिडला की "शनिवारी काय आहे?" म्हणायचं. गुरुवारी रात्रभर जागा राहिला की पुन्हा तेच. चार तासांची झोप तेवढ्यावर मिळायची.

हॅलिफॅक्सहून बस धरायची आणि क्रॅगशॉच्या चॅपलपाशी उतरायचं. ओढ्याकाठाने जुन्या गिरणीच्या मागून निघायचं, कमानीच्या पुलावरून पलीकडे, मग बीच नावाच्या उंच झाडांच्या राईतून चढ. वर आलं की मेंढ्यांची कुरणं, एकामागून एक दगडी गडगे, आणि प्रत्येक गडग्याला पलीकडे उतरायला दगडी पायऱ्या. शेवटी माळाच्या कडेला एकुलता एक पब, 'द लॅपविंग'. जेवण झालं की परतीची वाट वेगळी, माळाच्या कडेकडेने बसच्या थांब्यापर्यंत. लॅपविंग म्हणजे टिटवी; ती पबच्या दारावरच्या पाटीवर रंगवलेली होती. इतक्या हिवाळ्यांत तिचा तुरा तेवढा ओळखू येण्यासारखा उरला होता.

पब चालवायचा टेरी, स्वयंपाक करायची त्याची बायको पॉलीन. दोघं आत शिरले की टेरी काउंटरमागून ओरडायचा, "या मंडळी! आज काय, घोडा खाणार का गाढव?"

"सॉसेज!" डंकन म्हणायचा, आणि हसायचा. आठवड्यातून तो एवढाच हसायचा.

खिडकीजवळचं टेबल त्यांचं. सॉसेज, कुस्करलेला बटाटा, वाटाणे, आणि ग्रेव्ही वेगळ्या भांड्यात. ती फक्त बटाट्यावर घालायची, आणि ती गॉर्डननेच घालायची. वाटाण्यांना थेंब लागला की ताट गेलंच. पॉलीनला ते ठाऊक होतं, टेरीला ठाऊक होतं, आणि कोपऱ्यात डोमिनो खेळणाऱ्या म्हाताऱ्यांनाही ठाऊक होतं. डंकन जेवत असेतोवर गॉर्डन बिअरचा पेला पुढ्यात घेऊन खिडकीबाहेर बघत बसायचा. सबंध आठवड्यात त्याला कुणी काही मागत नसे असा तेवढाच वेळ.

त्या नोव्हेंबरातला आठवडा वाईट गेला होता. मंगळवारी डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, "मिस्टर हेलिवेल, हृदयाची एक झडप नीट मिटत नाहीये. ऑपरेशन लागेल. तोवर चढ-उतार नको, ओझं नको, दगदग नको."

"माझ्याकडे दगदगच आहे," गॉर्डन म्हणाला. बाई हसल्या. त्यांना तो विनोद वाटला.

गुरुवारी मुलीचा, हेदरचा, लीड्सहून फोन आला. स्किप्टनजवळ एक घर होतं, डंकनसारखी चार माणसं राहायची, रात्रंदिवस सांभाळणारी माणसं होती. तिथे एक खोली रिकामी झाली होती.

"सोमवारपर्यंत हो का नाही ते सांगायचंय, डॅड."

"नाही."

"ऐकून तरी घे!"

"ऐकलं. माझा मुलगा म्हणजे पार्सल नाही, रिकामी जागा दिसली की पाठवून द्यायला. वाटाण्यांना ग्रेव्ही लागली तर तिथे कोण बघणारे? कळतं का त्यांना?"

"आणि तू गेल्यावर? तेव्हा कोण बघेल?"

"मी कुठे चाललोय?" असं म्हणून त्याने फोन ठेवला. झडपेबद्दल तो बोललाच नाही.

शनिवारी पाऊस होता. बारीक, आडवा, कॉलरमधून आत शिरणारा. ओढा तपकिरी होऊन पुलाखालून गर्जत होता. डंकनला पावसाचं काही नव्हतं. तो गुणगुणत पुढे चालला होता आणि वाटेतल्या प्रत्येक फाटकाच्या खांबावर तळहात ठेवत होता. बीचच्या चढावर गॉर्डनला थांबावं लागलं. मग पुन्हा थांबावं लागलं. छातीवर कुणीतरी गुडघा टेकवावा तसं होत होतं. डंकन परत येऊन त्याची बाही ओढायला लागला.

"सॉसेज."

"येतोय रे बाबा. म्हाताऱ्याला श्वास तर घेऊ दे."

कुरणांतून वर आल्यावर पब दिसला, तेव्हाच त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. धुराड्यातून धूर नव्हता. अंगणात टेरीची गाडी नव्हती. जवळ गेल्यावर दाराला नवं कोरं कुलूप दिसलं आणि वर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून चिकटवलेला कागद: 'हा पब पुढील सूचना मिळेपर्यंत बंद आहे.' खाली मालक कंपनीचा शिक्का.

डंकनने दाराची मूठ फिरवली. दार उघडलं नाही. त्याने ती पुन्हा फिरवली. मग बाजूला सरकून बापाला जागा दिली, जणू त्याला जमत नाही ते बापाला जमणारच.

"उघड," तो म्हणाला.

"बंद आहे, पोरा. टेरी नाहीये आज."

"उघड."

"हे बघ, माझ्याकडे बिस्किटं आहेत. आपण तिकडे आडोशाला बसू, बिस्किटं खाऊ, आणि—"

"उघड. डॅड. उघड."

रस्त्याच्या खालच्या अंगाला एकच घर होतं. डंकनला दारापाशी ठेवून गॉर्डन जमेल तितकं भराभर तिथे गेला. तिथे राहणाऱ्या ग्रीनवुडबाईंनी साखळी न काढता दार फटीएवढं उघडलं. त्यांच्या पायांमधून एक छोटं कुत्रं भुंकत होतं.

"टेरी? बुधवारी गेले की ते. कंपनीची माणसं आली, कुलूप बदललं, सामानसुद्धा धड नेऊ दिलं नाही. पॉलीन रडत होती बिचारी."

"गेल्या शनिवारी तर 'पुढच्या खेपेला भेटू' म्हणाला होता."

"त्याला तरी कुठे माहीत होतं! अहो, तुम्ही भिजलात पार. आत या, चहा टाकते."

"मुलगा आहे माझा वर. तो दारापासून हलायचा नाही."

"लहान आहे का?"

तेवढ्यात वरून आवाज आला. लाकडावर काहीतरी जड आपटल्याचा. मग पुन्हा. तो आवाज गॉर्डनच्या ओळखीचा होता. तो तसाच मागे वळला.

डंकन दोन्ही हातांनी दाराची चौकट धरून दारावर कपाळ आपटत होता. आपटायचा, थांबायचा, पुन्हा आपटायचा. तोंडातून एकसुरी हुंकार येत होता. भुवईच्या वर कातडी फाटली होती आणि पावसाच्या पाण्याबरोबर रक्त गालावरून हनुवटीपर्यंत वाहत होतं.

"डंकन! बास! बास, माझ्या राजा!"

त्याला मिठी मारून मागे ओढण्याची ताकद गॉर्डनमध्ये आता उरली नव्हती. त्याने एवढंच केलं, आपला हात दार आणि कपाळ यांच्यामध्ये घातला. पुढचा तडाखा बोटांच्या हाडांवर बसला. त्यापुढचाही. वेदनेने डोळ्यांपुढे पांढरं झालं, पण आवाज बदलला, दबका झाला, आणि निदान लाकूड तरी पोराच्या डोक्याला लागत नव्हतं. तो तसाच उभा राहिला. दुसऱ्या हाताने डंकनची पाठ चोळत राहिला, तोंडाने आयरीनचं जुनं "शू शू" करत राहिला. छातीवरचा गुडघा आता पुरता टेकला होता.

त्या माळावर मोबाइल लागत नाही. ग्रीनवुडबाईंच्या घरापर्यंत डंकन येणार नाही, आणि त्याला असा सोडून जाता येणार नाही. आलो त्या वाटेने परत जाणंही नाही, कारण डंकनच्या हिशेबात वाट जेवणानंतरच पुढे सुरू होते. गॉर्डनला स्वच्छ दिसलं की मी इथे कोसळलो तर हा असाच आपटत राहील. कुणी येईपर्यंत. आणि जो येईल त्याला काय करायचं ते माहीत नसेल.

त्याने हात काढून घेतला.

"थांब," तो म्हणाला. "मी उघडतो."

पबच्या मागच्या बाजूला स्वयंपाकघराची खिडकी होती. गडग्यावरचा एक धोंडा त्याने दोन्ही हातांनी छातीशी धरून उचलला. तो कामाला होता ती गालिच्यांची गिरणी बंद पडल्यावर या माणसाने एका शाळेत राखणदाराची नोकरी केली होती आणि काचा फोडणाऱ्या पोरांचे कान पिळण्यात कितीतरी वर्षं घालवली होती. आता त्याने धोंडा फेकला. पहिल्यांदा नुसता तडा गेला. दुसऱ्यांदा काच आत कोसळली. कोट काढून त्याने चौकटीवर टाकला, कचऱ्याच्या डब्यावर चढला आणि पोट घासत, शिव्या देत, रडत आत पडला. तळहातात काच गेली ती त्याला नंतर दिसली.

पुढच्या दाराला बाहेरून कुलूप होतं, पण अंगणाकडच्या बाजूच्या दाराला आतून नुसत्या कड्या होत्या. त्या काढून त्याने हाक मारली.

"डंकन! इकडून. टेरीने आज हे दार उघडलंय."

हुंकार थांबला. जरा वेळाने डंकन कोपऱ्यावरून आला. दारात पाय पुसले. कोट काढून खुंटीला लावला. बाकं, टेबलं सगळी होती तशीच होती, फक्त भिंतींवरच्या तसबिरी गेल्या होत्या आणि आत तळघरासारखी थंडी होती. तो खिडकीजवळच्या टेबलाशी जाऊन बसला, हात मांडीवर ठेवले आणि वाट बघायला लागला. कपाळातून रक्त ठिबकत होतं, पण चेहरा शांत होता.

गॉर्डनने त्याच्या कपाळावर रुमाल बांधला. मग स्वयंपाकघरात गेला.

वीज तोडली होती. मोठ्या फ्रीझरमध्ये पॉलीनचा माल तसाच राहिला होता, अर्धवट वितळून पाण्यात बसलेला. अंधारात हात घालून त्याने चाचपलं. पिशव्या, वास, गार पाणी. सॉसेज मिळाले तेव्हा तो "देवा" असं मोठ्याने म्हणाला, आणि तो चर्चमध्ये वगैरे जाणारा माणूस नव्हता. कोपऱ्यात पोत्यात मोड आलेले बटाटे होते. वाटाण्यांचा डबा होता. ग्रेव्हीची पूड होती. शेगडी सिलिंडरच्या गॅसवर चालायची, आणि सिलिंडरमध्ये गॅस होता. नळाला पाणी नव्हतं, म्हणून त्याने पातेलं पागोळ्यांखाली धरलं.

उजव्या हाताची दोन बोटं सुजून वळेनाशी झाली होती. त्याने डाव्या हाताने बटाटे सोलले. मधेच शेगडीच्या कठड्याला धरून वाकून उभा राहिला, डोळे मिटून, दुखणं ओसरायची वाट बघत. ते पुरतं ओसरत नव्हतं. बाहेरच्या खोलीतून डंकनचा आवाज आला:

"डॅड?"

"येतंय. पॉलीन करतेय. गरम आहे."

"घोडा का गाढव?" डंकन म्हणाला.

गॉर्डनने तोंडावर बाही दाबून धरली. मग आवाज सावरून दारातून म्हणाला, "या मंडळी! आज काय, घोडा खाणार का गाढव?"

डंकनने त्याच्याकडे बराच वेळ रोखून पाहिलं. ते टेरीचं वाक्य होतं, टेरीच्या तोंडचं. पण शेवटी तो म्हणाला, "सॉसेज." तो हसला मात्र नाही.

ताट टेबलावर ठेवून गॉर्डन ग्रेव्ही आणायला वळला, तेवढ्यात अंगणात गाडीची दारं आपटली.

काच फुटल्याचा आवाज ऐकून ग्रीनवुडबाईंनी पोलिसांना फोन केला होता. रक्ताने भरलेला एक धिप्पाड माणूस, एक वेडापिसा म्हातारा आणि फुटलेली खिडकी, असं त्यांनी सांगितलं. त्यात खोटं काहीच नव्हतं. आत आलेल्या दोघांपैकी पुढे होता सार्जंट होल्डन, मागे नसरीन नावाची तरुण कॉन्स्टेबल.

"कोण आहे आत? हात दिसू द्या!"

"त्याला हात लावू नका," गॉर्डन स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाला. "काच मी फोडली. मला न्या. फक्त त्याचं जेवण होऊ द्या."

"जेवण? साहेब, ही दुसऱ्याची जागा आहे."

"माहितीये. त्याचं जेवण होऊ द्या, मग म्हणाल तिथे येतो."

होल्डन डंकनपाशी गेला. तो वाईट माणूस नव्हता. त्याने कपाळावरचं रक्त पाहिलं आणि डंकनच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "उठा बघू जरा. काय झालं डोक्याला?"

अनोळखी हात अंगावर पडताच डंकन उभा राहिला. टेबल उलटलं. ताट फरशीवर फुटलं, वाटाणे चहूकडे पळाले. डंकनने त्या ताटाकडे पाहिलं आणि त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो खालच्या घरापर्यंत ऐकू गेला. त्याने होल्डनला दोन्ही हातांनी ढकललं. होल्डन काउंटरवर जाऊन आदळला, सावरला आणि त्याचा हात कमरेच्या बेड्यांकडे गेला.

"सर, थांबा!" नसरीन ओरडली. "सर, त्याला कळत नाहीये!"

गॉर्डन दोघांच्या मधे आला. कसा आला ते त्याला नंतर आठवलं नाही. हात पसरून तो मुलासमोर उभा राहिला आणि ओरडला, "तुम्हाला काय वाटतं, मला हौस आहे? रोज! रोज असंच असतं! एक दिवस आहे आमचा, एक दिवस, आणि तोसुद्धा तुम्ही लोकांनी कुलूप लावून—"

पुढचा शब्द आला नाही. डाव्या खांद्यातून काहीतरी तापलेलं दंडात उतरलं. तो काउंटरला पाठ लावून घसरत खाली बसला. नसरीन गुडघ्यांवर बसली, त्याच्या कॉलरचं बटण काढलं आणि वायरलेसवर अँब्युलन्स मागू लागली. होल्डन टोपी हातात घेऊन तसाच उभा राहिला.

बाजूच्या दारातून ग्रीनवुडबाई आल्या. पायात घरातल्या सपाता, डोक्यावर प्लॅस्टिकची टोपी. त्यांनी खाली बसलेल्या गॉर्डनकडे पाहिलं, मग मधोमध उभं राहून स्वतःच्या मनगटाचा चावा घेणाऱ्या डंकनकडे पाहिलं.

"काय हवंय त्याला?" त्यांनी विचारलं.

"जेवण," नसरीन म्हणाली.

"मग द्या की! उभे काय राहिलात, अहो सार्जंट, ते टेबल सरळ करा."

होल्डनने टेबल सरळ केलं. बाई स्वयंपाकघरात गेल्या आणि पातेल्यात उरलेलं दुसऱ्या ताटात वाढून घेऊन आल्या. गॉर्डनला फरशीवरून दिसलं, त्यांच्या हातात ग्रेव्हीचं भांडं होतं. त्याला सांगायचं होतं, वाटाण्यांवर नको, बाई, वाटाण्यांवर नको. तोंड हललं, आवाज फुटला नाही. बाईंनी आपल्या नवऱ्याला आयुष्यभर वाढलं तशी ताटभर ग्रेव्ही ओतली. बटाट्यावर, सॉसेजवर, वाटाण्यांवर.

"बस. खा. गरम आहे."

डंकनने मनगट तोंडातून काढलं. तो बसला. वाटाणे ग्रेव्हीत बुडाले होते, त्यांच्याकडे त्याने इतका वेळ पाहिलं की गॉर्डनने डोळे मिटून घेतले. आता फुटेल. आता.

काही फुटलं नाही. त्याने डोळे उघडले तेव्हा डंकन बोटाने एकेक वाटाणा ताटाच्या कडेला सारत होता, बोट बाहीला पुसत होता. सगळे वाटाणे सारून झाल्यावर त्याने काटा उचलला आणि सॉसेज खायला लागला.

गॉर्डन बघत राहिला. बायको गेल्यापासून एकही रात्र तो पुरता झोपला नव्हता, मुलीशी भांडला होता, डॉक्टरांपासून पळत होता, ते सगळं या एका गोष्टीवर उभं होतं, की माझ्याशिवाय कुणाला जमणार नाही. घरातल्या सपाता घातलेल्या एका परक्या बाईने सगळं चुकीचं केलं, आणि तो जेवत होता. गॉर्डनला हायसं वाटायला हवं होतं. त्याला वाटलं की आपल्या अंगातून कुणीतरी हाड काढून नेलं.

अँब्युलन्स आली तेव्हा डंकनने मान वर केली नाही.

पुढचं हेदरने त्याला हॉस्पिटलात सांगितलं. ती लीड्सहून येईपर्यंत नसरीन आणि ग्रीनवुडबाई पबमध्येच बसून राहिल्या. हेदरने डंकनला गाडीत बसायला सांगितलं तर तो बसेना. चालणं अर्धं राहिलं होतं. मग ऑफिसच्या पातळ बुटांत ती त्याच्यामागून माळाच्या कडेने, पावसातून, चिखलातून बसच्या थांब्यापर्यंत चालली, आणि नसरीनही गणवेशात त्यांच्याबरोबर चालली.

"एका गडग्याच्या पायरीवरून मी पडले," हेदर म्हणाली. "हा थांबला. हात नाही दिला, पण थांबला."

"थांबतो तो," गॉर्डन म्हणाला.

त्याला नळ्या लावल्या होत्या, बोटं बांधली होती. हेदरने विचारलं, "झडपेचं का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, डंकनला पाठव."

"हो. म्हणाले असते."

पलीकडच्या खाटेवरचा रुग्ण रेडिओवर फुटबॉल सामन्याचं समालोचन ऐकत होता.

"सोमवार गेला का?" गॉर्डनने विचारलं.

"आज रविवार आहे, डॅड."

"मग त्यांना हो सांग." आणि ती काही बोलायच्या आत, "आत्ता सांग. मी झोपून उठलो की नाही म्हणेन."

तिने बाहेर जाऊन फोन केला. तो उशीत तोंड खुपसून रडला, मोठ्याने, लाज न बाळगता. पलीकडच्याने रेडिओचा आवाज वाढवला, चांगुलपणाने.

कंपनीने तक्रार पुढे नेली नाही. खिडकीला फळ्या ठोकल्या, लॅपविंग बंद तो बंदच राहिला. जानेवारीत डंकन स्किप्टनजवळच्या घरात गेला. पहिल्या शनिवारी तो कोट घालून दाराशी उभा राहिला आणि संध्याकाळपर्यंत तिथून हलला नाही. दुसऱ्या शनिवारी त्याने खोलीतला आरसा फोडला. तिथल्या माणसांनी गॉर्डनला फोन करून सांगितलं की काही आठवडे येऊ नका, तुम्हाला बघून तो निघायला बघेल. "बरं," गॉर्डन म्हणाला. त्या रात्री तो कपडे न बदलता बसून होता. गाडी मागवून पोराला परत घेऊन यावं, असं त्याच्या मनात पुन्हा पुन्हा आलं. ऑपरेशनची जखम भरलेली नव्हती. जिना चढणं जमत नव्हतं. तो गेला नाही, आणि ज्या ज्या शनिवारी तो गेला नाही त्यांतला एकही त्याने स्वतःला माफ केला नाही.

एप्रिलमध्ये त्यांनी बोलावलं. डंकनचं बघणारा कॉलम नावाचा एक लाल केसांचा माणूस होता, अघळपघळ, सतत बोलणारा. त्या दोघांचंही शनिवारचं चालणं होतं, कालव्याच्या काठाने, सपाट, दुसऱ्या कुठल्याशा पबपर्यंत. डंकनने बापाकडे पाहिलं, "डॅड," असं म्हणाला, त्याच्या कोटाच्या बटणाला हात लावला आणि पुढे निघाला. गॉर्डन थोडा वेळ त्यांच्याबरोबर चालला. मग त्याचा दम संपला.

"तुम्ही व्हा पुढे," तो कॉलमला म्हणाला. "मी इथे बाकावर बसतो."

"नक्की? आम्हाला वेळ लागेल हो."

"मला कुठे जायचंय?"

ते गेले. डंकनने मागे वळून पाहिलं नाही. होड्या गेल्या, बदकं आली, ऊन सरकलं. ते ज्या वळणाआड गेले तिकडे तोंड करून गॉर्डन बसला. आत्ता ते पोचले असतील. आत्ता कुणीतरी काय हवं ते विचारत असेल. आत्ता ताट आलं असेल. ते कुणी आणलं, कसं आणलं, हे त्याला कळायचा काही मार्ग नव्हता.

दोघं परत आले तेव्हा डंकनच्या स्वेटरवर डाग होता.

"काय खाल्लंस?" गॉर्डनने विचारलं. "सॉसेज?"

"मासे," डंकन म्हणाला.

मासे त्याने जन्मात कधी खाल्ले नव्हते. आयरीनने थकून नाद सोडला होता. घरात मासे शिजले तर तो अंगणात जाऊन उभा राहायचा.

"आवडतात त्याला," कॉलम म्हणाला. "दर वेळी तेच मागतो. का हो, घरी नव्हता खात?"

गॉर्डनने मान हलवली. हो की नाही ते त्याचं त्यालाच कळलं नाही. डंकन बाकावर त्याच्या शेजारी बसला, दोघांच्या मधे हातभर जागा सोडून, आणि गुणगुणत पाण्याकडे बघायला लागला. थोड्या वेळाने कॉलमने घड्याळ पाहिलं आणि म्हणाला, "चल रे, डंकन. घरी."

डंकन लगेच उठला.